पहिल्या मीटिंगला जाताना

मी वायरमन. राहायला डोंबिवलीत, कामं ठाण्यापासून बदलापूरपर्यंत. नाव लिहीत नाही, पण त्याचं कारण लाज नाही. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनीच चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, संकेतच आहे की जाहीर ठिकाणी सदस्याने पूर्ण नावाने मिरवायचं नाही. उद्या मी फोटोसकट पेपरात झळकलो आणि परवा गटारीला गुत्त्यावर सापडलो, तर लोक म्हणणार, बघा, त्या मीटिंगांचा काही उपयोग नसतो. म्हणून मी नुसता वायरमन. लिहितोय तेही ए.ए.च्या वतीने नाही, माझ्या अनुभवाचं.

२०१३ च्या मे महिन्यापासून मी दारूला शिवलेलो नाही. त्याआधी सकाळी टेस्टर धरताना हात थरथरू नये म्हणून आधी एक नाइन्टी मारावी लागायची. मेन स्विच बंद करायला एखादवेळी विसरलो असेन, नाइन्टी कधी विसरलो नाही.

घरगुती उपाय सगळे झाले होते. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती अकरा दिवस टिकली. आळंदीला जाऊन माळ घातली. माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना नमस्कार. मी मात्र माळ काढून देवघरातल्या वाटीत ठेवायचो, बाहेर जाऊन यायचो आणि चूळ भरून परत गळ्यात घालायचो. आई बघायची, बोलायची नाही. मीटिंगचा पत्ता हातात आला तेव्हापासून प्रत्यक्ष खोलीत जाऊन बसेपर्यंत पाच महिने गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी डॉक्टर

रोज पिणाऱ्याने, त्यातही सकाळपासून लागणाऱ्याने, ‘उद्यापासून बंद’ म्हणून स्वतःला घरात कोंडून घेऊ नये. मी घेतलं होतं. पहिल्या दिवशी घाम आणि ओकाऱ्या. तिसऱ्या रात्री भिंतीतून वायरी बाहेर येताना दिसायला लागल्या आणि मी पक्कड घेऊन हवेतच त्या कापत बसलो होतो. बायकोने शेजाऱ्याला उठवून रिक्षात घातलं म्हणून वाचलो. दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर असे भास होऊ शकतात, आणि यात माणूस दगावतो. डॉक्टर चार-सहा दिवस कमी कमी करत जाणारी औषधं देतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, आणि तो टप्पा पार पडतो. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढायचा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ म्हणून तिकडे पाय टाकायला लोक लाजतात आणि चौकातल्या गुत्त्यावर बसायला लाजत नाहीत, हे मला आता गमतीचं वाटतं. तेव्हा मीही त्यातलाच होतो.

‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतली पुडी घरच्यांनी भाजीत मिसळू नये. दारूशी झगडणारं औषध पोटात आहे हे माहीत नसताना माणूस वर प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती औषधं असतात, उपयोगीही असतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला सांगूनच.

आणि गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या केंद्रांबद्दल एकच. मला भावाने अशा एका ठिकाणी ठेवलं होतं. कोणतं ते लिहीत नाही. महिनाभर खोलीला बाहेरून कडी, डॉक्टर एकदाही दिसला नाही, आणि सुटलो त्या संध्याकाळी मी प्यायलो. पैसे भरण्याआधी परवाना दाखवा म्हणा, डॉक्टर कोण आणि कधी येतात ते विचारा, आतल्या माणसाशी फोनवर बोलू देतात का ते बघा. उत्तर देताना समोरचा चिडला तर बाहेर पडा.

पत्ता मिळवणं

सोपा रस्ता फोनचा. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन. मन फार खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर १४४१६ ही टेलिमानसची लाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ए.ए.चं भारतातलं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्या संकेतस्थळावर संपर्क मिळतात. मोबाइलवर नुसतं ‘ए.ए. मीटिंग’ आणि पुढे गावाचं नाव लिहिलंत तरी बरंच पुढे येतं. फोन उचलणारा बहुतेक वेळा पगारी माणूस नसतो. स्वतः पिऊन सुटलेलाच कुणीतरी कामावरून आल्यावर फोन घेत असतो. त्यामुळे दोनदा उचलला नाही म्हणून ‘बघ, हेही फालतू’ असं म्हणायची घाई करू नका. मी केली होती. एक अख्खा महिना त्यात गेला.

फोनवर स्वतःची सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ‘दारूचा त्रास आहे, जवळ मीटिंग कुठे असते?’ एवढं पुरे. मग विचारायचं: कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या भाषेत? मुंबईत हे महत्त्वाचं आहे. एकाच स्टेशनच्या दोन बाजूंना एक गट इंग्रजीत चालतो, दुसरा मराठी-हिंदीत. पहिल्याच दिवशी चुकून इंग्रजीत जाऊन बसलात तर मान डोलावत परत याल. मीटिंग ओपन की क्लोज्ड हेही विचारा. ओपन मीटिंगला बायको, भाऊ, कुणीही सोबत येऊ शकतं. क्लोज्ड फक्त ज्याला दारूचा प्रश्न आहे त्याच्यासाठी.

आणि शेवटचा प्रश्न, जो मी विचारला नाही: ‘या आठवड्यात नक्की आहे ना?’ गट स्वतःच्या जागेत नसतात. महापालिकेच्या शाळेतला वर्ग, चर्चचा हॉल, समाजमंदिर असं काहीतरी भाड्याने घेतलेलं असतं. परीक्षा, निवडणूक, गणपती, कशानेही जागा बदलते. मी जानेवारीत पहिल्यांदा धीर करून गेलो तर शाळेत गॅदरिंग. मैदानात लावणीच्या गाण्यावर तिसरीच्या पोरी नाचत होत्या आणि वॉचमन म्हणाला, आज काय नाय. समोरच बार होता. पुढचं सांगायला नको.

चर्चचं नाव ऐकून काहीजण बिचकतात. मुंबई, वसई, गोव्याकडे बऱ्याच मीटिंगा चर्चच्या आवारात होतात, कारण त्यांनी जागा दिली. धर्मांतराचा काही संबंध नाही. आमच्या गटात वारकरी आहे, मौलानाचा मुलगा आहे आणि देव बीव काही न मानणारा एक बँकवाला आहे. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून लांब राहायला एकेक करून करायच्या बारा गोष्टींत, ईश्वराचा उल्लेख येतो, पण पुढे लगेच ‘आम्हाला जसा उमगला तसा’ असंही आहे. बँकवाला म्हणतो, माझ्यापुरतं हे मंगळवारचं टोळकंच ईश्वर. त्यालाही कुणी अडवत नाही.

ए.ए.खेरीज दुसरे रस्तेही आहेत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका होतात, पुण्याबाहेरही. वांद्र्याची कृपा फाउंडेशन १९८१ पासून काम करते. तुमच्या गावाला यातलं जे जवळ असेल ते धरा. कोणतं श्रेष्ठ यावर वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. वाद घालत असतात तेव्हा ती अजून पीत असतात.

गेटपासून वर्गापर्यंत

गॅदरिंगच्या फजितीनंतर दोन वेळा मी गेटपर्यंत जाऊन परत आलो. एकदा आत ओळखीचा माणूस दिसला म्हणून. (तोही तिथे कशाला आला असेल, हे डोक्यात आलं नाही.) एकदा नुसताच. शेवटी फोनवरच्या माणसाला खरं सांगितलं: मला एकट्याने आत येता येत नाही. तो म्हणाला, स्टेशनवर तिकिटखिडकीपाशी थांबा, मी येतो. साठीचे काका आले, हातात घडी केलेला पेपर. वाटेत दारूबद्दल एक शब्द नाही. कुठली कामं करता, फ्युज सारखा का उडतो, असलंच. गेटपाशी फक्त एवढं म्हणाले, ‘चला, आत पंखा आहे.’

तेव्हा माझा सल्ला हाच: कुणाला तरी घ्यायला बोलवा. हे मागितलेलं तिथे कुणालाही जड वाटत नाही. ए.ए.ची सुरुवातच तशी झाली. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल, नुकतीच सोडलेला, आता पुन्हा पिणार अशा अवस्थेत, दुसरा दारूडा शोधत होता. त्याला एक डॉक्टर भेटला. दोघं तासन्‌तास बोलत बसले. दलालाला कळलं की समोरच्याशी बोलत राहिलं की आपलं पिणं टळतं. तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येणारा माणूस थोडाफार स्वतःसाठीही येत असतो. उपकार समजू नका.

एकट्याने जायचं असेल तर दहा मिनिटं आधी जा. उशिरा गेलं की सगळे आधीच बसलेले असतात आणि दार ढकलणं दुप्पट जड होतं. बाहेर छोटीशी पाटी असते, ए.ए. लिहिलेली, पुष्कळदा वर्तुळात त्रिकोण. वॉचमनला ‘मीटिंग कुठे?’ एवढंच विचारा, त्याला कळतं. आणि जेवून जा, निदान वडापाव खाऊन. उपाशीपोटी तलफ जास्त लागते.

प्यायलेले असाल तर? या. सदस्य व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. मागे बसा, ऐका, त्या दिवशी बोलू नका.

आत

वर्ग दुसरीचा होता. भिंतीवर बे एके बे, कोपऱ्यात चुरगळलेल्या पताका. बाकं एवढी बुटकी की माझे गुडघे छातीला टेकले. वीस-बावीस माणसं असतील, एक सफारीवाला, दोन रिक्षावाले, एक पोरगा जेमतेम पंचविशीचा. मी दाराजवळचं बाक धरलं, पळायला बरं म्हणून.

एकजण चहा घेऊन आला. कागदी कप नव्हते, स्टीलचे पेले होते. सगळ्यांचे पेले भरलेले, माझा अर्धाच. मला राग आला. नवा आहे म्हणून अर्धा चहा? मग पेला उचलला आणि हात असा हलला की तो अर्धा चहाही काठापर्यंत आला. भरलेला असता तर शर्टावर सांडला असता, वीस माणसांसमोर. चहावाल्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढच्या बाकाकडे गेला. माझा हात त्याने दारातच पाहिला होता.

बाकी कार्यक्रम साधा असतो. एकजण चेअरपर्सन म्हणून पुढे बसतो. सुरुवातीला क्षणभर शांतता, प्रार्थना, एखादी पायरी वाचतात. मग एकेक जण पुढे येऊन बोलतो. ‘माझं नाव अमुक, मी एक मद्यपी’, आणि मग आपलं. याला शेअरिंग म्हणतात. मधे कुणी तोडत नाही, नंतर कुणी उपदेश करत नाही, ‘तू असं करायला हवं होतंस’ असं कुणी म्हणत नाही. तुम्हाला बोलवलं तर ‘आज ऐकायला आलोय’ म्हणा. मी पहिल्या चार मीटिंगा तेवढंच म्हणालो. आडनाव, कंपनी, पत्ता, आधार कार्ड काही लागत नाही. रजिस्टरवर सही नाही. शेवटी एक पिशवी फिरते, जागेचं भाडं आणि चहाचे पैसे त्यातून निघतात. दहा-वीस रुपये टाका, नसतील तर पिशवी पुढे द्या. नव्या माणसाकडून अपेक्षाच नसते. बाहेरच्या देणग्या गट घेत नाहीत. कुणी ‘मेंबरशिप फी’ मागितली तर ती ए.ए. नाही एवढं समजा.

पहिल्या दिवशी मला काय भावलं, तर भाषणं नाहीत. रिक्षावाला सांगत होता की तो बाटली टपरीमागच्या पाण्याच्या टाकीत दोऱ्याला बांधून सोडायचा. मी मीटरच्या पेटीत ठेवायचो. मला वाटत होतं ही अक्कल जगात माझ्या एकट्याचीच.

निघताना दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या. घेतलेला नंबर न पिता वापरायचा असतो, प्यायल्यावर नाही. तलफ आली की आधी फोन. ती सहसा वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ समोरचा क्रिकेटवर बोलला तरी चालतं. बायांनी नंबर बाईचा घ्यावा. मोठ्या शहरांत फक्त स्त्रियांच्या मीटिंगाही असतात, हेल्पलाइनवर विचारा. आपुलकी दाखवत पहिल्याच आठवड्यात एकट्याने चहाला बोलावणारा पुरुष कुठेही असतो, तसा इथेही असू शकतो. आणि गटातल्या कुणाला उसने पैसे देऊ नका, कुणाकडे मागू नका. माझे दोन हजार गेले आहेत. पैशाचं काही नाही, पण तो माणूस तोंड चुकवायला म्हणून मीटिंगला यायचाच बंद झाला.

नाही आवडली तर

एका मीटिंगवरून ठरवू नका. गटागणिक हवा वेगळी असते. एका ठिकाणी सगळे म्हातारे, एका ठिकाणी एकच माणूस पाऊण तास बोलतो. सहा वेगवेगळ्या मीटिंगा करा, मग बोला. जुने लोक नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. मला ते तेव्हा अचाट वाटलं. मग त्या काकांनी विचारलं, नव्वद दिवसांत किती वेळा प्यायलास? मी गप्प.

महिन्याभरात एखादा माणूस असा सापडतो की त्याचं ऐकावंसं वाटतं. त्याला स्पॉन्सर, म्हणजे माझे वाटाडे, व्हाल का म्हणून विचारा. पायऱ्या त्याच्यासोबत करायच्या. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला विचारायचं.

स्लिप झाली, म्हणजे मधेच प्यायलात, तर दुसऱ्या दिवशी मीटिंगला जा. मी एकदा गेलो तेव्हा कुणीतरी विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. चेअरपर्सन म्हणाला, बरं झालं आलास, बस.

घरचे, आणि लांबचे

घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, १९५१ पासूनचं. बायको माझ्याआधी दोन महिने तिथे जात होती हे मला नंतर कळलं. तिने बाटल्या ओतून देणं थांबवलं, मालकाला ‘त्यांना ताप आहे’ असे फोन करणं थांबवलं. मला वाटलं हिची माया आटली. त्या मालकाने मला एक तारखेला काढून टाकलं, आणि त्याच महिन्यात मी तिकिटखिडकीपाशी उभा होतो. मुक्तांगणमध्येही बायकांसाठी सहचरी नावाचा गट चालतो. नवरा यायला तयार नसला तरी तुम्ही जा.

तालुक्याच्या गावी अडचण वेगळी, मीटिंग आठवड्यातून एक आणि अर्धं गाव ओळखीचं. ओळखीची भीती वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा, एसटीने तासभर. बाकीचे दिवस ऑनलाइन. २०२० च्या लॉकडाउनमध्ये झूमवर मीटिंगा सुरू झाल्या त्या कित्येक अजून चालू आहेत, मराठीतही. आमच्याकडच्या एका गटात न्यू जर्सीचा एकजण सकाळी दहाला बसतो, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तो म्हणतो, तिकडच्या मीटिंगा चांगल्या आहेत, पण आईला दिलेल्या शिव्यांबद्दल मला इंग्रजीत रडता येत नाही. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. तरीही शहरात असाल तर प्रत्यक्ष जा.

जाण्याआधी परतीचा रस्ता ठरवून ठेवा. मीटिंग संपते साडेआठला, तो बाजारातल्या बारचा ऐन वेळ. मला पश्चिमेला उतरलं की सरळ वाट दोन बारवरून जाते. मी पुलावरून पूर्वेला उतरतो, सात मिनिटं जास्त लागतात. पहिली दोन वर्षं गटातला कुणीतरी पुलापर्यंत सोबत यायचा. आता मी कुणाकुणाला सोडायला जातो.

मंगळवारचा चहा सध्या माझ्याकडे आहे. साडेसहाला गेट उघडतं, तेव्हाच गेलो तर वॉचमनच्या स्टोव्हवर पाणी ठेवता येतं. आलं घरून किसून नेतो. दारात नवा माणूस दिसला की आधी त्याच्या हाताकडे बघतो आणि पेला अर्धाच भरतो.